पंधरा भाद्रपदांचा पडदा

रेल्वे कॉलनी, झाशी
१२ नोव्हेंबर १९६७

जनादादा, सरलाचा नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. पाच वर्षांनी आलेलं कार्ड, चार ओळींचं, आणि त्यातल्या तीन ओळींत प्रश्नच! असो. बडोद्याला थंडी पडली का? इथे सकाळी धुकं असतं, सगळ्या गाड्या लेट. अप्पांचा मोतीबिंदू अजून पिकला नाही, म्हणून डॉक्टर थांबा म्हणतात. खंडेराव गेटच्या आपल्या जुन्या शेजारीण यमुनाबाई अजूनही "जना वेळेवर जेवतो ना?" एवढंच विचारतात.

तू विचारतोस, ग्वाल्हेरच्या नव्या चित्रसंग्रहालयाला अप्पांनी तुझं पन्नास सालचं कोणतं चित्र दिलं; एकच होतं आणि ते तर त्यांनी पुसून टाकलं. सांगते. पण माझाच इतका गोंधळ झालाय की कुठून सुरुवात करू कळत नाही.

गेल्या माघात संग्रहालयाचे दिवाकरजी तुझी सुरुवातीची कामं शोधत आले. मी म्हटलं, घरी काही नाही. तेवढ्यात त्यांना व्हरांड्यात कोळशावर झाकलेला कॉलनीच्या गणेश मंडळाच्या गणपतीमागचा जुना पडदा दिसला. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या गळक्या खोलीत भिजून त्याचे पोपडे निघाले होते, म्हणून मंडळानं टाकून दिलेला. एका सालचा कैलास, दुसऱ्या सालचं भाक्रा धरण, मधूनच वर्कशॉपात वॅगन रंगवून उरलेला तांबडा रंग, सगळं एकमेकांतून डोकावत होतं. दिवाकरजी उकिडवेच बसले. पालथा केला, तर मागे तुझी सही, खाली १९५०!

"बहनजी, यह तो जनार्दनजी का सबसे साहसी काम है। और आपने कोयले पर डाल रखा है?"

मी तोंड उघडणार तोच आतून अप्पा आले. सही बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "हाँ, हमारे जना का ही है।" दादा, सोळा वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव पहिल्यांदा ऐकलं. मी गप्प बसले. तू असतास तरी गप्पच बसला असतास.

गेल्या आठवड्यात पासावर ग्वाल्हेरला जाऊन आले. पहिल्याच दालनात पत्रे आणि सायकलची चाकं जोडून काहीतरी उभं केलंय. आपल्या वर्कशॉपच्या भंगारात तसं रोज पडलेलं असतं. पुढे तुझी सहा चित्रं आणि मधोमध आमचा पडदा, चौकटीत बसवलेला. खाली पट्टी: तुझं नाव, शीर्षक नाही, १९५०. एक मुलगी समोर उभी राहून वहीत काय काय लिहून घेत होती. मला आधी हसू आलं, मग रडू, मग बाकावर बसूनच राहिले. हे चित्र कुणाचं? दर भाद्रपदात सफेद्याचा हात मारून त्यावर नवा देखावा मीच काढायची, पंधरा वर्षं. पोपडे पावसानं काढले. कापड तुझं, सही तुझी. मला काहीच उमगेना.

बघ, अजून टाळतेच आहे.

ते चित्र अप्पांनी पुसलं नाही. मी पुसलं. आई गेली, तार करूनही तू आला नाहीस. तू काढलेली, सुपातले तांदूळ निवडणारी आई समोरच्या भिंतीवर होती आणि तिच्याकडे बघितलं की मला तुझा संताप यायचा. त्याच भाद्रपदात मंडळाला पडद्यासाठी मोठं कापड हवं होतं. मी चित्र चौकटीतून सोडवलं आणि आईच्या तोंडावरून सफेद्याचा पहिला हात फिरवला. अप्पा ड्यूटीवरून आले, बघितलं. दोन दिवस जेवले नाहीत. तुला कुणीतरी कळवलं की हे अप्पांनी केलं. तू त्यांना पत्र लिहिणं सोडलंस आणि मी तुला तसंच समजू दिलं. अप्पांनीही कधी खुलासा केला नाही. मला पाठीशी घातलं.

दालनं आताच खुली आहेत, पण रीतसर उद्घाटन दहा डिसेंबरला आहे. अप्पांनी कोट धुवायला टाकलाय. त्यांना वाटतं, तू येशील आणि त्यांच्याशी बोलशील. पट्टीवर कुणाचं नाव असावं ते तू म्हणशील तसं दिवाकरजींना लिहीन. मला खरंच ठरवता येत नाही. पण मला काय बोलायचं ते नंतर बोल, आधी अप्पांच्या पाया पड.

आणि चित्राच्या उजव्या कोपऱ्यात खाली बघ. तिथले सगळे पोपडे गळून गेलेत. आईच्या लुगड्याचा हिरवा काठ दिसतो. मी पुसलेलं तेवढंच परत आलंय.

आईला झाकणारी तुझी बहीण,
सरला