तुळईवरचा शेवटचा नवस

प्रिय ताई,

इतक्या वर्षांत माझी सगळी पत्रं ख्यालीखुशालीची गेली. हे तसं नाही, तेव्हा निवांत बसून वाच. घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फक्त बाबांनी सगळ्या गावाशी वैर धरलंय.

आपलं चर्च आजारी आहे. साथीतून वाचलेल्या लोकांनी ते बांधलं, दोनदा जळालं, दोनदा उभं राहिलं, यात्रेकरूंच्या पावलांनी पायऱ्या खोलगट झाल्या, तरी टिकलं. घात केला तो काळजीनं. आपण लहान असताना कुणा शहाण्यानं वेदीसमोरच्या मोठ्या तुळईचं टोक पक्कं बसावं म्हणून भिंतीतला चुना खरवडून भोवती सिमेंट भरलं. चुन्यातून ओल बाहेर पडायची, सिमेंटमुळे ती आतच मुरत गेली. दुरुस्तीला आलेल्या इंजिनिअर बाईंनी परवा तुळईच्या टोकात स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो लोण्यात जावा तसा आत गेला. यात्रेआधी तुळई बदलली नाही तर छत लोकांच्या डोक्यावर येईल, असं त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं.

आणि त्याच तुळईवर आपल्या दुकानातले मेणाचे नवस टांगलेले. हात, पाय, डोळे, तान्ही बाळं. नियम तुला ठाऊकच आहे. नवस फळला की ज्यानं टांगला त्यानंच काढायचा आणि वितळवून त्याची मेणबत्ती लावायची. न फळलेल्याला कुणी हात लावायचा नाही. फादरांची चांगलीच पंचाईत झाली. शेवटी त्यांनी ज्याला त्याला आपापला नवस उतरवून न्यायचे निरोप धाडले. लोक आले. कुणी रडले, कुणी मलाच शिव्या दिल्या, जणू तुळई मीच कुरतडली होती. गवंड्याच्या आईनं तो छोटा पाय उतरवला आणि छातीशी धरून घरी नेला. तिचा धाकटा मुलगा काही कधी चालला नाही.

आता एकच नवस उरलाय, अगदी कडेचा, काजळीनं काळाकुट्ट झालेला. तो बाबांचा. ते रोज सकाळी जाऊन पहिल्या बाकावर बसतात आणि कुणी शिडी लावली की काठी उगारतात. इंजिनिअर बाईंनी समजावलं, फादरांनी हात जोडले, मी तर कडाकडा भांडलो. दगडाला पाझर फुटेल, पण आपल्या बाबांना नाही. म्हातारा धंदा बुडेल म्हणून अडून बसलाय, असं लोक म्हणतात. यात्रेत माणसं मेली तर जबाबदार कोण, असं सुतारानं त्यांना सगळ्यांसमोर विचारलं. मला फार लाज वाटली आणि त्यांची दयाही आली. मला वाटायचं, तो नवस आईच्या आजारपणातला असणार. आई गेली, नवस राहिला, म्हणून हा हट्ट.

काल दुपारी ते जेवायला घरी गेले तेव्हा मी चढलो. रुमालानं काजळी पुसली. तो हात नव्हता, पाय नव्हता. चपलांचा जोड होता. घर सोडून गेलेल्या माणसासाठी चपला टांगतात आणि त्यांचा साचा आपल्याकडे नाही, ज्याच्या त्याच्या पायाबरहुकूम हातानं घडवाव्या लागतात. या जोडातली डावी टाच बाहेरच्या बाजूनं झिजलेली आहे. ताई, आपल्या घरात तशी टाच एकाच माणसाची झिजायची.

खाली पाहिलं तर बाबा उभे. ज्यांनी तुला उंबरा बंद आहे म्हणून सांगितलं आणि पुन्हा कधी तुझं नाव घेतलं नाही, ते बाबा. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ती आली नाही अजून. असू दे तिथंच."

म्हणून हे पत्र. तुळईला सध्या टेकू दिलेत, पण पुढच्या आठवड्यात बाई बाबांना न विचारता तो जोड काढणार आहेत आणि त्यांचंही काही चुकत नाही. तू एकदाही मागं वळून पाहिलं नाहीस याचा मला अजून राग आहे. तुला बाबांचा असेल. भांडायचं तर भांड, पण इथं येऊन भांड. त्यांना आता शिडी चढवत नाही, मी मागून धरीन. पण तू समोर दिसल्याशिवाय ते पहिल्या पायरीवरसुद्धा पाय ठेवणार नाहीत.

तुझाच,
शेंडेफळ