लाटांचं हवामान

२८ एप्रिल

पप्पांचं आज पुन्हा तेच! गेटवर वॉचमनला सांगत होते – "आमची जिज्ञासा समुद्राचं हवामान सांगते." अहो, नाही सांगत! तीस वर्षांत उपग्रहांनी मोजलेल्या लाटा एकत्र करून कुठल्या महिन्यात समुद्र साधारण कसा वागतो, ते मी काढते. उद्या काय होणार ते सांगणारे वेगळे. पण मराठीत दोन्हीला हवामानच! भाषेनेच माझा घात केलाय.

आत्या म्हणाली, "लाटा मोजण्यापरीस चपात्या लाट." सगळे हसले. मीही हसले, मेलं.

१ मे

गोव्याच्या ऑफिसातून मेल. कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षं वाढवतायत, पण घरून काम बंद – तिथे येऊन राहायचं. पप्पा म्हणाले, "एकटी पोरगी परगावी नाय. आधी भावाचं लगीन होऊ दे, मग बोलू." म्हणजे नाही. मला जायचंय! इतकं दुसरं काहीच कधी हवं नव्हतं.

३ मे

आमच्या नवरदेवाला, भूपेशला, हळद अलिबागजवळच्या किनाऱ्यावर हवी. ड्रोन शूटिंग! बदलापुरात काय ड्रोन उडत नाही? जेवताना पप्पांनी विचारलं, "मे महिन्यात समुद्राचं हवामान कसं?" मी भात कालवता कालवता म्हणाले, "शांत असतो. मीटरभर लाट." झालं! तिथल्या तिथे उल्हासनगरच्या मंडपवाल्याला फोन – "पोरीने सॅटेलाइटवरून बघितलंय."

८ मे

वाट लागली.

पार खाली, अंटार्क्टिकाकडच्या समुद्रात वादळ. उपग्रह वरून रडारचा सिग्नल सोडतो, तो लाटांवर आपटून परत येतो, त्यावरून उंची कळते – अकरा मीटर! त्या लाटा मोडत, ओसरत इकडे पोचायला पाचसहा दिवस. हळद तेरा तारखेला. इथे वारा नसेल, ढग नसेल, तरी भरतीला पाणी आत घुसू शकतं.

घरात सांगितलं. पप्पांनी गॅलरीतून आभाळ बघितलं. "ऊन रखरखीत हाय. आन तूच शांत म्हनालीस ना?"

"ती सरासरी होती!"

"हवामान म्हंजे हवामान. रोज बदलतीस काय?"

भूपेश तर हातच जोडतो. "दीदी, प्लीज, मूड का कचरा मत कर."

१२ मे

खड्ड्यात जा सगळे.

१४ मे

आलं काल पाणी! आभाळ निरभ्र, डीजे जोरात, भूपेशला निम्मी हळद लागलेली – आणि लाट सरळ मंडपात. आधी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. हळदीची परात गेली. पप्पांच्या नव्या चपला गेल्या. आत्या खुर्चीवर चढून ओरडतेय, "जिज्ञासा, थांबव गो तिला!" – जशी काय लाट मी पाळलीय! नवरदेव अर्धा पिवळा, अर्धा वाळूचा.

पण माणसं सगळी धड. जेवणही वाचलं. आईने दुपारीच चुली, जनरेटर, म्हाताऱ्यांच्या खुर्च्या, सगळं वर सुरूच्या झाडांमागे हलवून घेतलं होतं. कुणाला न विचारता! मी म्हटलं, तुला तरी कसं पटलं?

"मना कुठं पटलं? पन तू चार दिस धड जेवली नाय."

मटणाच्या टोपाशेजारी उभी राहून ढसाढसा रडले. लोकांना वाटलं धूर लागला.

१६ मे

लग्न झालं. अधिक महिना लागायच्या आत उरकलं एकदाचं. पप्पा आता अख्ख्या बदलापूरला सांगत सुटलेत, "आमच्या पोरीने आधीच बोललेलं." ऐकलं कुणी नव्हतं, ते नाही सांगत! गोव्याचा विषय काढला तर मात्र – "एकटी नाय म्हंजे नाय."

१७ मे

पलंगावर दोन बॅगा. एक माझी. दुसरी आईची!

"एकटी कुठं चाललीस? आजवर दर्या बघितला तो कुनाच्या ना कुनाच्या लग्नात, टोप घासत. आता जरा बसून बघते."

"पप्पांना विचारलंस?"

"सांगितलं."