कंपनी क्रमांक सतरा

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आतापर्यंत घडलं ते असं:

१. ऑक्टोबर २०२३ मध्ये श्रीहरीकाका अडुसष्टचा झाला. भेट काय हवी, असं मी विचारलं. त्याने आठ दिवसांची पायी सहल मागितली. महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून. आम्ही दोघांनी मिळून.
२. सहल आखून देणारी कंपनी निवडायचं काम मी घेतलं.
३. त्याला पंधरा महिने झाले.
४. तेवीस कंपन्या तपासल्या. निकष एकोणीस.
५. काल निकाल लागला. कंपनी क्र. १७. शंभरपैकी ९१.४.

पंधरा महिने जास्त नाहीत. लिफ्टच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करताना मी एका दरवाजावर पाच महिने घालवले आहेत. तो दरवाजा आजवर कोणावर बंद झालेला नाही.

क्र. १७ ला तक्रारी शून्य. त्या निकषात पूर्ण गुण मिळवणारी ही एकच कंपनी.

उद्यापासून सकाळी सहा किलोमीटर चालणार. बूट घेऊन वर्ष झालं. आतापर्यंतचं अंतर १.९ किमी, त्यातलं बरंचसं घरात.

बुधवार, ८ जानेवारी

चालले नाही. आर्द्रता ८४ टक्के.

ऑफिसात रंजनीला तक्ता दाखवला. ती शेजारी बसते, स्वतः काही आखत नाही, पण दुसऱ्यांच्या कामातल्या चुका तिला पटकन दिसतात. क्र. १७ ची इंटरनेटवरची एकेचाळीस परीक्षणं तिने वाचून काढली आणि म्हणाली, "एक बघितलंस का? सगळी तिसऱ्या नाहीतर चौथ्या दिवशी लिहिलेली आहेत. आठव्या दिवसानंतर एकानेही लिहिलेलं नाही. परत आले ना गं ते?"

मी म्हटलं, समाधानी माणूस पुन्हा लिहीत नाही. ती म्हणाली, "मेलेलाही लिहीत नाही."

निकष बदलला नाही.

रविवार, १२ जानेवारी, दु. ४

अण्णा नगरला काकाकडे. आई-बाबा गेल्यापासून माझ्या घरचा असा तोच. बँकेतून निवृत्त, एकटा. खालच्या मजल्यावरच्या अलमेलूमामी त्याला कॉफी पाठवतात आणि त्याबद्दल दिवसभर ऐकवतात.

आई कोल्हापूरची असल्याने माझं मराठी तिकडचं. काकाचं तंजावरचं, तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतलं. त्याच्या मागच्या दहा पिढ्यांत कोणी महाराष्ट्र पाहिलेला नाही. तिकडे जाऊन काय करायचं आहे, हे मी निकषांसाठी विचारलं होतं. तो म्हणाला होता, "मराठी गांवांत जाऊन एकदां मराठींत पाणी मागायचें आहे." तक्त्यात हे 'इतर' मध्ये घातलं.

आज निकाल सांगितला. तो म्हणाला, "कां गे, वाट कंपनी चालते की आम्हीं चालतों?" मग, "तूं येतीस ना?" मी म्हटलं, अर्थात.

कंपनीचा अर्ज कागदी आहे. रकाना ९: अडचण आल्यास कोणाला कळवावे. रकाना १०: कोणाला कळवू नये. दहावा रकाना इतर कोणत्याही कंपनीच्या अर्जात नाही. गोपनीयतेचे दोन गुण वाढवले. एकूण ९३.४.

अर्ज स्वतः भरतो म्हणाला. नवव्यात माझा नंबर टाक, एवढं सांगून निघाले.

रविवार, १९ जानेवारी

लिफ्टमध्ये माणसं चढवण्याआधी आम्ही वाळूच्या गोण्या चढवतो. इथेही आधी एक फेरी तपासून घ्यावी. फेब्रुवारीत काका जाईल, त्याचा डेटा पाहून मार्चमध्ये आम्ही दोघं जाऊ. सुट्टी वाया जाणार नाही, धोका निम्मा.

काकाला फोनवर सांगितलं. मी कोणत्या महिन्यात जाणार, ते त्याने दोनदा विचारलं. मग तमिळमध्ये "सेरी" म्हणाला, म्हणजे बरं. आनंद झाला असावा.

रंजनी म्हणाली, "म्हणजे काका गोणी."

शनिवार, १ फेब्रुवारी

काकाला सेंट्रल स्टेशनवर सोडलं. मनगटावर ट्रॅकिंगचं घड्याळ बांधलं, फोनवर फॉर्म टाकून दिला. सकाळ-संध्याकाळ भरायचा, अडतीस प्रश्न, सहा मिनिटांचं काम. त्याच्याकडे दोन पिशव्या होत्या, दोन टोप्या आणि दोन काठ्या. एक जोडी राखीव ठेवणं ही चांगली सवय आहे. तसं त्याला सांगितलं.

सोमवार, ३ फेब्रुवारी (दिवस १)

दोन्ही फॉर्म आले. पायाला फोड: नाही. जेवण: ४/५. शेवटी 'इतर' मध्ये: "पाणी मागितलें. दिलें."

बुधवार, ५ फेब्रुवारी (दिवस ३)

सकाळचा आला, संध्याकाळचा नाही. अडतिसापैकी अकराच उत्तरं. 'इतर' मध्ये: "तुझी काठी चांगली आहे."

काठी माझी नाही. कदाचित थकवा. वयाचा निकष घालायला हवा होता.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी (दिवस ५)

काल फॉर्म नाही. आज नाही. घड्याळ चौथ्या मुक्कामाच्या जागी आहे.

नेटवर्क नसेल. चिंतेचं कारण नाही. सकाळी २.२ किमी चालले, त्यातही निम्मं फोन हातात धरून.

रविवार, ९ फेब्रुवारी (दिवस ७)

घड्याळ हललेलं नाही. चार मीटरच्या आत, तीन दिवस. झोपेतही माणसाचा हात हलतो.

उपकरणातला दोष असू शकतो. दोष नेहमी साध्या जागीच असतो.

एकेचाळीस परीक्षणं पुन्हा वाचली. रंजनीचं बरोबर आहे. चौथ्या दिवसानंतर एकही नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी, स. ९

परतीची गाडी आली. डबा रिकामा होईपर्यंत उभी राहिले. मग सफाईवाले चढले. त्यांच्यामागून मीही चढले. त्याच्या बर्थवर घडी न मोडलेली चादर.

काकाचा फोन बंद.

बहुधा दुसरी गाडी घेतली असेल.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

कंपनीला फोन. चौदाव्या प्रयत्नाला उचलला. कंपनी म्हणजे मानाजी नावाचा एकच माणूस निघाला, मागे शेळ्या ओरडत होत्या. क्षमतेच्या निकषात मी त्याला ८ दिले होते.

श्रीहरीकाका कुठे आहेत, असं विचारलं. त्याने माझं नाव विचारलं. कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "ताई, तुम्हाला सांगता येत नाही."

का नाही, विचारलं. "तुमचं नाव दहाव्यात आहे."

मी म्हटलं, नजरचूक असेल, नववा पाहा. तो म्हणाला, "नववा पण बघितला. नजर बरी आहे माझी."

जिवंत आहेत का, एवढं तरी सांगा म्हटलं. तो म्हणाला, "ज्याचं नाव नवव्यात आहे त्यांना विचारा. आणि घड्याळ न्यायला कोणी येणार आहे का? चौथ्या मुक्कामाला खुंटीवर आहे. तिथवरच फोन चालतो, पुढे लोक असली ओझी नेत नाहीत." परीक्षणांचं विचारलं. "परत घरी गेल्यावर कोण लिहितं, ताई?"

शनिवार, १५ फेब्रुवारी, स. ११

नवव्या रकान्यात कोणाचं नाव आहे, हे शोधून काढायला अण्णा नगरला गेले. ट्रेकिंगचे बूट घालून, सरावही होईल म्हणून. काकाच्या जिन्यात उजव्या बुटाचा तळ पूर्ण सुटला. पाचव्या पायरीवर राहिला. या हवेत न वापरलेल्या बुटांचा तळ असाच भुगा होतो. हे मला माहीत होतं.

काकाच्या दाराशी अलमेलूमामी तुळशीला पाणी घालत होत्या. किल्ली त्यांच्याकडे. मला पाहून त्यांनी काकाची चौकशी केली नाही. नवव्यात त्यांचं नाव आहे, हे तेव्हाच लक्षात आलं.

बरा आहे, म्हणाल्या. रोज पाचला फोन येतो, मानाजीच्या घरून. सहल संपली पण काका तिथेच थांबलाय. सोमवारी २४ ला निघणाऱ्या फेरीत पुन्हा चालणार आहे.

मी विचारलं, मला का सांगितलं नाही?

मामी म्हणाल्या, "तू विचारलंस कधी? तो म्हणतो, दिवसाला अडतीस प्रश्न येतात, दोनदा. पण एकातही 'काका, कसा आहेस' असं नाही." मग माझ्या पायाकडे पाहून म्हणाल्या, "हे घालून येणार होतीस?"

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, मी जायला निघाले तेव्हा. काकाने पहिल्या दिवसापासून दोन जागा घेतल्या होत्या. आठही मुक्कामांवर दोन अंथरुणं घातली गेली, दोन ताटं वाढली गेली. गावातले विचारत, दुसरं कोण? तो सांगे, "पुतणी. मागून येते."

चौथ्या दिवसापर्यंत तो वळून पाहत होता. पुढे पाहिलं नाही, असं मानाजीने मामींना फोनवर सांगितलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

तक्ता उघडला. विसावा निकष लिहायला घेतला. त्याला नाव देता आलं नाही. तक्ता बंद केला.

माझा निरोप काकापर्यंत थेट जात नाही. म्हणून कागदावर लिहून मामींना दिला. पाच वाजता फोनवर वाचून दाखवते म्हणाल्या. तो उत्तर देईलच, असं काही म्हणाल्या नाहीत. निरोपाची प्रत इथे:

काका, कसा आहेस? माझ्याकडे बूट नाहीत, सराव ४.१ किमी आहे. २४ च्या फेरीत दुसरी जागा अजून माझी असेल तर मी येते. नसेल तर तसं सांग. शुक्रवार, २१ फेब्रुवारीपर्यंत कळव.

लावण्या