शब्दाआधीची चांदणी

अनगोळ, शुक्रवार, जून १९३५

अंग नुसतं पेटलंय. माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, आज इंग्रजी कोश उघडला. इंग्रजांची डॉटर, जर्मनांची टोख्टर, दोघी एकाच जुन्या शब्दाच्या लेकी. आपली दुहिता त्यांच्याच नात्यातली. मूळ अर्थ म्हणे धार काढणारी! "बघ गं, शब्दच सांगतोय. कुसुमची शाळा आता बास. लेकीची जागा गोठ्यात."

एका शब्दावर स्वतःच्या पोरीची शाळा मोडायची? मी कोश ओढून घेतला. त्या जुन्या शब्दाआधी चांदणी छापलेली. म्हणजे तो कुठंच लिहिलेला सापडलेला नाही, विद्वानांनी अंदाजानं जुळवलाय. कोर्टात पुरावा मागणारा वकील हा, चांदणी दिसली न्हाय व्हय?

आणि आमची म्हैस अण्णाशिवाय कुणालाच सडाला हात लावू देत नाही. मग या घरची लेक कोण, ते उद्या धारेच्या वेळी त्यालाच विचारते.