आबांचा हात शॉकअपवर

रविवार, संध्याकाळ

टेबलाशी बसलेय, पण अंग अजून हळूहळू खालीवर होतंय. माळावर फिरवायच्या माझ्या मोटारसायकलला आज दुसऱ्या गाडीचे पुढचे शॉकअप बसवले. सगळे बोल्ट गच्च आवळले, तरी हँडल दाबलं की ते मध्येच अडत होते. माझंच काही चुकलं का? रडूच यायला लागलं.

आबा अंगणात बसले होते. माझे वडील जन्मभर गाड्यांचे मिस्त्री. दृष्टी गेल्यापासून वर्षभर पान्याला हात लावला नव्हता. आज उठले, चाचपडत आले, शॉकअपवर हात ठेवून मला हँडल दाबायला लावलं.

"अडतंय की गं. चाकाचा आस आवळायच्या आधी गाडी दाबून बघितलीस?"

"न्हाय, आबा."

"मग कर ढिला. दाब चार येळा, दोन्ही नळ्या सरळ बसत्यात. आता आवळ."

आवळून हँडल दाबलं. हळूच खाली, हळूच वर. आबांचा हात शॉकअपवरून निघेचना.

"मला बसीव मागं."

भ्यायले मी. तरी नेलं. माळावर पिवळं ऊन पसरलं होतं. पहिल्याच खड्ड्यात पुढचं चाक बुडालं आणि तरंगत वर आलं. पाठीमागं आबा हसले. किती दिवसांनी?

"परत घे की त्यातनंच," म्हणाले.

मी गाडी वळवली.