ऋषीच्या भाजीला कोंबडखत

आई, यंदा ऋषीपंचमीची भाजी मी बाजारातून आणली नाही. आपली चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिलाय, त्याच्या गच्चीवर भेंडी, शिराळं, पडवळ, लाल माठ, अळू, सगळं मी स्वतः पिकवलं. तू असतीस तर पिशवी घेऊन लालबागच्या बाजारात प्रत्येक भाजीवालीला विचारत फिरली असतीस, "ह्येका बैल नाय ना लागलो?" आणि ती "देवाशपथ नाय ओ, काकी" म्हणाली की निर्धास्त घरी आली असतीस. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, हा तुझा नेम. तो वर्षानुवर्षं भाजीवालीच्या शपथेवर तरला, याचं मला अजून हसू येतं.

माझ्या भाजीला बैलाचा वाराही लागला नव्हता. लागलं होतं ते कोंबडखत. तुला आठवतं, गॅलरीत रंगाच्या डब्यात तू मिरची लावली होतीस आणि मी शाळेतून येताना कोंबडीवाल्याकडची पिशवीभर ताजी शीट आणून तिच्या बुडाशी ओतली? झाड करपलं आणि मजल्यावरच्या सगळ्या बायकांनी नाकाला पदर लावले. तू मारलं नाहीस. कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "अगो, कोणाक कच्चा जेवण वाढतत काय? आधी शिजाक नको?" आता मी तेच करते. शीट, सुकी पानं आणि लाकडाचा भुसा ड्रममध्ये भरते, पाण्याचा हबका मारते, अधूनमधून खालीवर करते. ते आतून चांगलं तापतं, मग निवतं, आणि काही महिन्यांनी हातात काळी भुसभुशीत माती येते. वास नावालाही नाही. सोसायटीचे सेक्रेटरी नाक धरून भांडायला आले होते, ते ड्रममध्ये डोकावले आणि गुलाबासाठी डबाभर घेऊन गेले.

धास्ती होती ती फक्त मावशीची. तुझी थोरली बहीण, घोडपदेवची, हा उपास धरणारी आपल्यातली आता एकटीच. तिने ताट सरकवलं असतं तर पुढच्या वर्षी ही भाजी शिजवायची तरी कोणासाठी? मावशी पानावर बसते, घास घेणार तोच विचारते, "खत कसला घातलंस गो?" शेण म्हणावं तर गोठा आला, गोठ्यामागून बैल आला. खरं सांगावं तर गणपतीसमोर कोंबडी आली. मी खरं तेच सांगितलं. मावशीने भाजीकडे पाहिलं, गणपतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोंबयेन खंय नांगर ओढल्यान?" म्हणाली आणि घास घेतला. मी इतकी हसले, आई, की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं. तू तिथे हवी होतीस.

वाटी पुसून खाल्ल्यावर ती म्हणाली, "तुझ्या आवशीपेक्षा बरी झाली. तिची सदाच अळणी."

हे पत्र मी कुठे पाठवणार, आणि पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. कारण तुझी बाजू घेऊन मी एक शब्दही बोलले नाही. उलट तिच्याजवळ सरकून म्हटलं, "मावशी, परत एकदा म्हण ना."