जावयाने बसवलेला थर्मोस्टॅट

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? (खरं सांग. मागच्या पत्रात ‘बरा आहे’ असं दोनदा लिहिलंस, तेव्हाच मला शंका आली.) इकडे सगळे धडधाकट आहेत, फक्त तुझी भाची चार दिवस माझ्याशी बोलत नाही. कारण, तू पसंत केलेला जावई.

त्याचं गॅरेज आहे, हाताला गुण आहे, हे तू लग्नाआधी मला बजावलं होतंस. पण आमची गाडी तापायला लागली तेव्हा त्याने बॉनेट उघडलं, पाच मिनिटं पाहिलं आणि “थर्मोस्टॅट अडकलाय, बाबा” म्हणून मोकळा झाला. मी आयुष्यभर गोदामात माल तपासला, पाच मिनिटांत साधं खोकं पास केलं नाही. विचारलं, हा करतो काय? तर म्हणे, इंजिन थंड असताना रेडिएटरची वाट अडवतो, म्हणजे पाणी आतल्या आत फिरून इंजिन लवकर तापतं. पुरेसं तापलं की आतलं मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरमध्ये निवायला जातं. फार निवलं की झडप पुन्हा मिटते. ना तार, ना बटण, ना कुणाची देखरेख! अशा वस्तूवर मी भरवसा ठेवायचा, तोही जावयाच्या शब्दावर? (काढलेला जुना भाग त्याने न मागता माझ्या हातात ठेवला. इतका प्रामाणिकपणा कोण उगाच दाखवतं?)

तो गेल्यावर मी गाडीतलं पाणी बादलीत काढून त्याने बसवलेला नवा थर्मोस्टॅट खोलला आणि दुधाच्या पातेल्यात उकळायला ठेवला. (त्यावरून हिने जे ऐकवलं ते लिहीत नाही.) झडप उघडली, निवल्यावर मिटली. ओळखू यावा म्हणून त्यावर खिळ्याने खूण केली आणि नाइलाजाने परत बसवला. दुसऱ्याच दिवशी गाडीने भर चौकात वाफ सोडली! ती ओढून गॅरेजात नेली आणि चार गिऱ्हाइकांदेखत त्याला म्हणालो, “खोटा माल घातलास!” तुझी भाची तिथेच उभी होती. त्याने गाडी उघडली, बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाला, “माझीच चूक, बाबा. नीट करून देतो.” आता तापमानाचा काटा मधोमध असतो. पण चूक कबूल करताना माणूस इतका शांत कसा राहतो? यात काहीतरी काळंबेरं आहे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. काल गाडीच्या पुस्तकात वाचलं की थर्मोस्टॅटची मेणाची बाजू इंजिनकडे हवी. उलटा बसवला तर गरम पाणी मेणापर्यंत नीट पोचत नाही आणि झडप मिटलेलीच राहते. मी गाडी पुन्हा खोलली. आत तोच थर्मोस्टॅट आहे, माझ्या खिळ्याच्या खुणेसकट. त्याने फक्त सुलटा केलाय.

ता. क. २ रविवारी येशील का? दोनदा गॅरेजपर्यंत गेलो आणि मागे फिरलो. फार लाज वाटते गं. त्याने तुझ्या भाचीलाही काही सांगितलेलं नाही, नाहीतर तिने वर्षभर माझं तोंड पाहिलं नसतं. दोघांना समोर बसवून ते मीच सांगायला हवं. तू फक्त माझ्या शेजारी बस, म्हणजे मी मध्येच उठून जाणार नाही.